कुलूपबंद मराठी मजकूर

पुण्याच्या पेशवे दप्तरातील दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद मोडी जाणणारा माणूस आजही वाचू शकतो. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी वसई-विरारमधील एखाद्या छापखान्यात संगणकावर जुळविलेली स्मरणिका त्याच छापखान्याच्या आजच्या संगणकावर उघडेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

अडचण दुहेरी आहे. १९८५ साली आलेला पेजमेकर मराठी मुद्रणव्यवसायात रुजला. अ‍ॅडोबी कंपनीने तो १९९४ मध्ये ताब्यात घेतला आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर त्याची वाढ थांबविली. तिच्याच इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोय सीएस६ या आवृत्तीपर्यंत होती. पुढे ती काढून टाकण्यात आली. उलट दिशेनेही तीच कथा. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाईल जुनी आवृत्ती थेट स्वीकारीत नाही.

दुसरी अडचण अक्षरांची, आणि ती अधिक खोल आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या टंकांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. तो टंक नसेल, तर पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा निरर्थक गुंता तेवढा दिसतो. वास्तविक युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले होते. पण ते सर्वसाधारण संगणकांवर चालू लागेपर्यंत विंडोज २००० उजाडले. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली आहेत, हे खरे. तथापि जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी नोंदलेली, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफाराचे नेमके उलट. त्यामुळे रूपांतरित मजकुराचे मुद्रितशोधन करण्यास माणूस लागतोच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आवृत्ती बदलण्याचा निर्णय उत्पादक घेतो आणि त्याचा लाभही त्यालाच होतो. बदलाचा खर्च मात्र छापखानेवाला, कारकून आणि महाविद्यालयाचे वार्षिक काढणारा प्राध्यापक यांच्या माथी पडतो. जुना मजकूर अडकलेला असल्यामुळे ग्राहक दुसऱ्या दुकानाकडे जाऊ शकत नाही. २०१३ पासून अ‍ॅडोबीने एकदाच मोल देऊन घ्यावयाच्या आवृत्त्या बंद करून वर्गणीची पद्धत आणली, तेव्हापासून हा पाश अधिकच आवळला आहे. आपणच लिहिलेले वाचण्यासाठी आपणच भाडे भरावयाचे, असा हा व्यवहार होय!

खासगी छापखान्याने आपले नुकसान सोसावे, असे एक वेळ म्हणता येईल. सार्वजनिक दप्तराचे काय? चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती मिळून २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा निघाला. दोन्ही वेळा दप्तर हलणे क्रमप्राप्त होते. त्यातील संगणकीय भाग कोणत्या स्वरूपात, कोणत्या टंकात आहे, याची यादी महापालिकेने व जिल्हा प्रशासनाने करून प्रसिद्ध करावी. खुल्या मानकांचे धोरण केंद्र सरकारने २०१० मध्येच स्वीकारले आहे. त्याला अनुसरून प्रत्येक छपाईच्या निविदेत मूळ मजकुराची युनिकोड प्रत सुपूर्द करण्याची अट घातल्यास खर्च नाममात्र येईल.

मागील साठ्याचे काम मात्र खर्चाचे आहे, आणि ते लांबविल्याने महागच होणार. जुने टंक बसविलेले संगणक आणि त्या टंकांवर हात बसलेले अक्षरजुळणीकार, दोन्ही अद्याप उपलब्ध आहेत तोवर येत्या अंदाजपत्रकातच त्यासाठी तरतूद व्हावयास हवी.