आडांत नाहीं, तें पोहऱ्यांत कोठून?

ऑक्टोबर २०२५ मध्यें ‘मुंबई वन’ हें अ‍ॅप सुरू झालें आणि लोकल, मेट्रो, बस अशा अकरा वाहतूकसंस्थांचीं तिकिटें मुंबईकरांस एका ठिकाणीं मिळूं लागलीं. ही सोय मोठी आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. परंतु असेंच अ‍ॅप नांदेड-लातुरास आलें कीं आमचा वाहतुकीचा प्रश्न सुटला, असें जे म्हणतात त्यांचें म्हणणें आम्हांस मुळींच पटत नाहीं.

मुंबईची लोकल १९२५ पासून विजेवर धावते. तिची मोटारबस १९२६ सालची. अ‍ॅप आलें तें त्यानंतर शंभर वर्षांनीं! तेथें एकत्र करावयास पुष्कळ होतें. आमच्याकडे काय आहे? नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास निघालेला यात्रेकरू असो, कीं शिकवणीसाठीं लातुरास राहिलेला विद्यार्थी असो, त्याची भिस्त बहुधा रिक्षावरच.

‘अ‍ॅपमुळें रिक्षा दारीं तर येईल!’ होय, पण ज्यास सबंध रिक्षा परवडते, त्याच्याच दारीं. एस. टी.नें २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट दिलें. त्या तिकिटावर खेड्यांतून आलेल्या बाईनें वांचविलेले पैसे स्थानकाबाहेर रिक्षावाल्यासच द्यावयाचे काय? तिला हवी आहे ठरल्या वेळीं, ठरल्या भाड्यानें येणारी बस.

२०१६ च्या दुष्काळांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. नुसत्या नव्या तोट्या बसवून त्या वेळीं कोणाची तहान भागली असती? महापालिकांनीं आधीं बसगाड्या पुऱ्या कराव्या, वेळापत्रक पाळावें; अ‍ॅप मागाहून खुशाल यावें.