जुने यंत्र, नवा हिशेब : ‘रिफर्बिश्ड’ गेमिंग संगणक घ्यावा काय?

बारावीची परीक्षा आटोपत आली की गोव्यातील अनेक घरांत एका जुन्या वचनाची वसुली सुरू होते. ‘परीक्षा झाल्यावर पाहू’ असे म्हणून दोन वर्षे लांबवलेला गेमिंग संगणक आता मुलाला हवा असतो, आणि वडिलांच्या हाती असते एका संकेतस्थळावरची जाहिरात : नामांकित कंपनीचा तयार डेस्कटॉप, ‘रिफर्बिश्ड’, नव्याच्या सुमारे दोन-तृतीयांश किमतीत. हा सौदा करावा काय, या प्रश्नाला परवापरवापर्यंत जाणकारांचे एकच उत्तर होते. तयार यंत्राच्या नादी लागू नका, सुटे भाग आणून जोडून घ्या. त्यासाठी कोकण रेल्वेने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोड पालथा घालणारे गोमंतकीय तरुण थोडेथोडके नाहीत. यंदा मात्र तो सल्ला जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

याचे कारण मेमरी. जगातील रॅमचे बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती एकवटलेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना ‘एचबीएम’ नावाची विशेष मेमरी लागते आणि तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीच्या तुलनेत ती बनवायला सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. ज्या गिऱ्हाइकाकडे पैसा अधिक त्याच्याकडे माल वळला आणि घरगुती संगणकाच्या वाट्याला टंचाई आली. २०२५ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात रॅमच्या अनेक संचांचे भाव दुपटीहून अधिक चढले. डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. एसएसडीही या महागाईतून सुटलेली नाही.

परिणामी सुटे भाग जोडून पैसे वाचवण्याचे गणित कोलमडले. उलट, ज्या यंत्रात मेमरी आधीच बसवलेली आहे आणि ज्याची किंमत जुन्या खरेदीवर बेतलेली आहे, त्याचे मोल आपोआप वाढले. म्हणून सौदा जोखण्याची पद्धतही बदलावी लागेल. ‘नव्यापेक्षा किती स्वस्त’ हे पाहण्याऐवजी प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि एसएसडी यांचे आजचे बाजारभाव कागदावर लिहून बेरीज करावी. विचारलेली किंमत या बेरजेहून ठळकपणे कमी असेल तरच पुढे बोलणे. विक्रेत्यालाही हे गणित कळते, हे विसरू नये. मूळ यंत्रातील ८ जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून घेऊन ते विकणे काही अवघड नाही. दोन पट्ट्यांमुळे मिळणारा वेग एका पट्टीवर मिळत नाही आणि काढलेली पट्टी आज विकत घ्यायची तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

मुळात ‘रिफर्बिश्ड’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. ग्राहकाने परत केलेले आणि कंपनीने तपासून पुन्हा विक्रीस काढलेले यंत्र, ही पहिली. कार्यालयांनी भाडेकरार संपल्यावर मोडीत काढलेला संगणक, ज्यात जुने ग्राफिक्स कार्ड आणि रंगीबेरंगी दिवे बसवून त्याला ‘गेमिंग’ केले जाते, ही दुसरी. आणि चार मेलेल्या यंत्रांच्या अवशेषांतून उभे केलेले पाचवे, ही तिसरी. विचार करण्याजोगी आहे ती पहिलीच.

दुसऱ्या प्रकाराचे आमिष ‘आय-सेव्हन’ या अक्षरांत दडलेले असते. २०१३ सालचा चौथ्या पिढीचा आय-सेव्हन हा २०२२ च्या बाराव्या पिढीतील साध्या आय-थ्रीपुढेही टिकत नाही. पण जाहिरातीत पिढीचा उल्लेख बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ लागते. आडवाटेने विंडोज ११ बसवून दिलेले यंत्र सुरू होते, नाही असे नाही. पण ‘व्हॅलोरंट’सारखा लोकप्रिय खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि ‘सिक्युअर बूट’ असल्याशिवाय चालत नाही. ज्या खेळासाठी यंत्र घेतले तोच उघडला नाही, तर दिव्यांच्या रोषणाईचे काय करायचे?

ग्राफिक्स कार्डाची कथा वेगळी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली कार्यपद्धती बदलली आणि त्या चलनाच्या ‘खाणीत’ अहोरात्र राबलेली कार्डे एका दिवसात बेकार झाली. त्यांतील कित्येक पुढे जुन्या बाजारात आली. खाणकामाने कार्ड मरतेच असे नाही. पंखे आणि उष्णता शोषणारे पॅड मात्र झिजतात. याहून मोठा दोष वयाचा. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर देणे २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबवले असून आता केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतील. तेव्हा आज त्या मालिकेचे कार्ड घेऊ नये, आणि ८ जीबीपेक्षा कमी व्हीडिओ मेमरी असलेले कुठलेच घेऊ नये.

आता पहिल्या प्रकाराकडे, म्हणजे कंपनीने तपासलेल्या तयार यंत्राकडे वळू. इथे खरी मेख आहे ती मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय यांत, ज्यांच्याबद्दल जाहिरात सहसा मौन पाळते. डेल, एचपी यांसारख्या कंपन्यांच्या अनेक डेस्कटॉपमध्ये हे भाग बाजारातील प्रमाणित आकाराचे नसतात. जोडणीच्या पिनाही वेगळ्या असतात. प्रमाणित पॉवर सप्लाय बिघडला तर म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानातून दुसरा आणून तासाभरात बसवता येतो. कंपनीच्या खास घडणीचा बिघडला तर तोच हवा, आणि वॉरंटी संपलेली असेल तर तो शोधत बसणे नशिबी येते. उद्या मोठे ग्राफिक्स कार्ड घालायचे म्हटले तरी हीच अडचण आडवी येते. माझ्या मते सौदा मोडायला एवढे एक कारण पुरेसे आहे. विक्रेत्याकडून पेटीच्या आतील भागाचे छायाचित्र मागावे. ते द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचे उत्तर आपोआप मिळालेले असते.

परत आलेले यंत्र परत का आले, हाही प्रश्न विचारायला हवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही शक्तिशाली डेस्कटॉप प्रोसेसरांत अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला. २०२४ च्या ऑगस्टपासून इंटेलने त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली. परंतु ती पुढची हानी रोखते, झालेली भरून काढत नाही. खेळता खेळता मध्येच बंद पडणारा संगणक कुणीतरी वैतागून परत केला आणि तो पुसूनपासून पुन्हा विक्रीला आला, ही शक्यता कल्पनेतली नव्हे. इंटेलने अशा प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली आहे, पण तयार यंत्रातील प्रोसेसरासाठी संगणकाच्या निर्मात्याकडेच जावे लागते. यंत्राचा अनुक्रमांक देऊन निर्मात्याकडे हमी किती उरली आहे हे खरेदीपूर्वी तपासणे म्हणूनच अगत्याचे.

गोव्यासाठी आणखी दोन गोष्टी. आपली खारी, दमट हवा आणि पावसाळ्यातील विजेचा लपंडाव जुन्या यंत्राला नव्यापेक्षा लवकर बाधतो. पेटीच्या स्क्रूंवर गंज किंवा तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट झाक दिसली, तर ते यंत्र आधीच कुठल्या तरी किनाऱ्यावर नांदून आले आहे असे समजावे. दुसरी गोष्ट अंतराची. आमच्या एका आप्ताने दूरच्या विक्रेत्याकडून घेतलेला संगणक दहाव्या दिवशी रुसला. हमी होती, पण यंत्र स्वखर्चाने, मूळ खोक्यातून पाठवायचे ही अट बिलाच्या मागे छापलेली होती. आणि खोके तर रद्दीवाल्याकडे गेले होते!

कायदा अशा ग्राहकाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. मात्र अनुक्रमांकासह पक्के बिल हाती नसेल तर तक्रार उभी राहायची कशावर? ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत नूतनीकरण करणाऱ्या व्यावसायिकांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीचे बंधन आहे. ती नोंदणी आहे काय, असे नुसते विचारले तरी समोरचा किती पाण्यात आहे ते कळते.

तेव्हा घ्यावा काय? प्रमाणित भागांचे, कंपनीने किंवा नोंदणीकृत व्यावसायिकाने तपासलेले, एका वर्षाची लेखी हमी असलेले यंत्र सुट्या भागांच्या आजच्या बेरजेहून पाव हिश्श्याने स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्यावे. यंदाच्या बाजारात याहून शहाणपणाची खरेदी क्वचितच सापडेल. हमी तीन महिन्यांची असेल तर किंमत निम्म्यावर आली पाहिजे. आणि यंत्र घरी आल्यावर ते कोपऱ्यात सजवून न ठेवता परताव्याच्या मुदतीतच त्याला घाम फोडावा. रोज दोन तास सर्वांत जड खेळ, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचे तापमान मोजणे, एसएसडी किती तास चालली आहे ते पाहणे, आणि बायोसमध्ये आधीच्या मालकाचा पासवर्ड तर राहिला नाही ना, याची खात्री करणे. मुलगा ही चाचणी विनातक्रार करील. खोके तेवढे माळ्यावर जपून ठेवावे.