राब अडवता, मग खताचे पैसे कोण देणार?

बाया-गड्यांनो, २५ ऑगस्ट १९९२ ला दिल्ली सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचा भावाचा ताबा सोडला. युरियावरचा ठेवला. आता कल्याण-मुरबाडच्या दुकानांत डीएपीच्या गोणीला हात लावायची सोय नाही, म्हणून माणूस नुसता युरिया उचलतो. चार दिवसांत भात हिरवंगार होतं, बघणाऱ्याला बरं वाटतं. आमच्या मते हा हिरवेपणा उधारीचा आहे.

मुळं धरायला, फुटवे यायला, दाणा भरायला स्फुरद लागतं. युरियाने पीक जोरात वाढतं तसं ते जमिनीतलं स्फुरदही जास्त ओढतं, आणि आपण परत काही देत नाही. रांचीला, बिरसा मुंडाच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे तिथे, सत्तरच्या दशकापासून त्याच त्या वाफ्यांत दरसाल तीच खतं घालून बघतात. माती आपल्यासारखीच तांबडी, आंबट. नुसतं नत्र दिलेल्या वाफ्यांतलं पीक खालावत गेलं.

मग डीएपी घाला, असं दुकानदार म्हणेल. पन्नास किलोच्या गोणीत स्फुरद २३ किलो. पण आपल्या मातीत लोखंड फार, ते स्फुरदाला आवळून धरतं. पहिल्या साली पिकाला पाचातला एखादा हिस्सा मिळाला तर मिळाला, बाकी मातीत अडकतं. म्हणजे ज्याच्या खाचरात पंधरा-वीस वर्षं सुफला, डीएपी पडतंय त्याची ठेव साठलीय. खाचरात पाणी तुंबलं की लोखंडाची पकड सैल होते, भाताला त्यातलं थोडं सुटतं. अशा खातेदाराने एखाद साल स्फुरद कमी टाकलं तरी त्याचं भागेल. खाचरं कोणाची, ते सांगायला नको. आमच्या नागली-वरईला वरकस. उतारावर पाणी थांबत नाही म्हणून पकड सुटत नाही, आणि पहिल्या जोराच्या पावसात मातीच खतासकट काळू-भातसात जाते, तिथून कल्याणच्या खाडीत.

आमच्याकडे राब होता. टहाळ, पातेरा, शेण भाजलं की राखेने मातीचा आंबटपणा कमी होतो, पालाश मिळतं, झाडाने खोलातून वर आणलेलं स्फुरदही थोडं मिळतं. राबात सगळं चांगलंच असं आम्ही म्हणत नाही. पाल्यातलं नत्र धुरात जातं, हे खरं. पण टहाळ तोडायला गेलं की गार्ड कोयता हिसकावतो, आणि साहेब सांगतात, खत विकत घ्या. कशाने घ्या? सोसायटी सातबारा मागते, वनप्लॉटला सातबारा नाही. शेणखत घाला म्हणतात, तर गुरांची चराई बंद. १८८५ साली इंग्रजाने ठाणे-कुलाब्याच्या जंगलाच्या गाऱ्हाण्यांवर कमिशन बसवलं होतं, त्यातही राबाचं गाऱ्हाणं मोठं होतं. शंभरावर वर्षं झाली, कोयता अजून गार्डाच्याच हातात.

म्हणून प्लॉट नावावर करा, तोवर प्लॉटधारकाला सोसायटीचं खत द्या आणि टहाळीला, चराईला अडवू नका, ही मागणी तहसीलवर नेऊ. जाताना माती सोबत हवी. पाऊस लागायच्या आत प्रत्येक पाड्याने प्लॉटातल्या सात-आठ जागी वीतभर खणून माती घ्यावी. राबाची जागा, उकिरडा, बांध सोडावा. सगळी एकत्र करून सावलीत वाळवावी, शेरभर पिशवीत भरून वर पाड्याचं नाव लिहावं. खाचराची आणि वरकसची पिशवी वेगळी ठेवावी.