ओलं धान्य आणि तापलेलं यंत्र

प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर वरून कोरडं धान्य आतून ओलं निघालं. ओलं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. ही हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि दाणेवाल्यापुरती ठेवतो.

ग्री या चिनी एसी कंपनीकडे त्याच नजरेने पाहा. हवेतला दमटपणा काढणारी तिची यंत्रं अमेरिकेत तापून पेट घेत होती. असा धोका कळला की तिथे सरकारला लगेच कळवावं लागतं. कंपनीला २०१२ मध्येच कळलं होतं. वीस लाखांहून जास्त यंत्रं परत मागवली ती सप्टेंबर २०१३ मध्ये. मधले कित्येक महिने विक्री चालूच! २०२१ मध्ये ९.१ कोटी डॉलर मोजायचं कबूल झालं. मला मोलाचा वाटतो तो २०२३ चा निकाल: लॉस एंजेलिसच्या ज्युरीने माहिती दडवल्याबद्दल दोन अधिकाऱ्यांनाच दोषी धरलं. दंडाचं काय, तो उद्या किमतीत मिसळतो.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक माल परत मागवायला लावण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला दिला. शरियतेत तर ऐब निघालेला माल परत करायचा हक्क शतकांपासून आहे. जुने एसी विकणाऱ्या आपल्या काही भावांना मात्र मॉडेल नंबर विचारला तरी राग येतो.