भाच्याची मोटार

आमची ताई रागावली म्हणजे फोनवर आधी खोकते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तसा खोकला ऐकू आला, तेव्हाच मी चहाचा कप खाली ठेवला.

"अरे, तुझ्या भाच्याला चार शब्द सांग. वीस वर्षं अमेरिकेत नोकरी केली, आणि आता घेतोय काय, तर टेम्पो!"

मिलिंद कॅलिफोर्नियात इंजिनियर आहे. त्याने ताईला फोनवर छायाचित्र धाडले होते, ते तिने माझ्याकडे पुढे पाठवले. समोरून पाहावे तर झोकदार मोटार. लांबलचक नाक, दोन्ही बाजूंना जोडदिवे, चकचकीत क्रोम. मागून पाहावे तर बसणाऱ्यांच्या पाठीशीच छप्पर संपलेले, आणि पुढे नुसता उघडा हौदा. "चांगली गाडी कुणीतरी मागून कापलीय रे," असे ताईचे मत पडले.

मी मराठीचा प्राध्यापक. सायकलपलीकडे वाहन मला चालवता येत नाही, हे या सदराचे जुने वाचक जाणतातच. पण मामेपणाला परवाना लागत नाही. मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आधी हे वाचा आणि मग रागवा." आणि त्याने १९६८ सालच्या कंपनीच्या माहितीपत्रकाची पानेच्या पाने पाठवली. तेव्हापासून आमच्या घरात फराळाऐवजी शेव्हरोलेची एल कॅमिनो शिजते आहे.

प्रकार असा आहे. मोटारीच्याच सांगाड्यावर, मोटारीचेच तोंड ठेवून, मागे सामानाचा हौदा बसवायचा. ही कल्पना अमेरिकेच्या आधी ऑस्ट्रेलियात रुजली. तिथली एक गोष्ट नेहमी सांगतात. १९३२ च्या सुमारास व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. रविवारी नीटनेटके बसून चर्चला जाता येईल आणि सोमवारी तीतूनच डुकरे बाजारात नेता येतील, अशी एखादी गाडी करा, असे तिचे मागणे. दोन गाड्या घेण्याची ऐपत नाही, आणि रविवारी मालगाडीतून उतरायची लाज वाटते. एवढी साधी अडचण! जीलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट नावाच्या तरुण आराखडाकाराने ती मनावर घेतली, आणि १९३४ साली तशी गाडी बाहेर पडली. त्या बाईचे नाव मात्र कुणी जपून ठेवले नाही.

अमेरिकेत फोर्डने १९५७ च्या मॉडेलांत 'रँचेरो' आणली, म्हणजे कुरणवाला. शेव्हरोलेने १९५९ मध्ये उत्तर दिले 'एल कॅमिनो', म्हणजे वाट. दोन्ही नावे स्पॅनिश. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या एकवीस मठांना जोडणाऱ्या जुन्या रस्त्याला 'एल कॅमिनो रिआल', म्हणजे राजमार्ग, म्हणतात. शेव्हरोलेने नावातला राजा वगळला आणि वाट तेवढी ठेवली, हे मला तरी आवडले.

त्या पहिल्या एल कॅमिनोला मागे वटवाघळाच्या पसरलेल्या पंखांसारखे कल्ले होते. हौद्याचा तळ पोलादी होता. शेव्हरोलेच्या हौद्यांत तोवर लाकडी फळ्या असत. इंजिन आणि स्प्रिंगा कोणत्या घ्याल त्याप्रमाणे साडेसहाशेपासून साडेअकराशे पौंडांपर्यंत ओझे चाले. पहिल्या वर्षी बावीस हजारांवर गाड्या गेल्या, दुसऱ्या वर्षी चौदा हजारांवर आल्या, आणि कंपनीने गाशा गुंडाळला. फोर्ड हुशार निघाली. तिने १९६० मध्ये रँचेरो लहानशा फाल्कन मोटारीवर आणली. मग १९६४ साली शेव्हरोलेनेही शेव्हेल नावाच्या मध्यम मोटारीवर एल कॅमिनो पुन्हा उभी केली. ती १९८७ पर्यंत चालली. रँचेरो १९७९ मध्येच थांबली होती.

आता माहितीपत्रकाकडे वळू. वाचकहो, आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात ना, अगदी तसे! मुळात काय मिळणार आणि वरून काय मागायचे, याचा सगळा खल त्यात. मुळात मिळे सहा सिलिंडरचे इंजिन, चक्राच्या दांड्यावर तीन गिअरांची काठी, आणि पुढे एक लांब बाक. एक गोष्ट मात्र यादीबाहेर, न मागता मिळे, आणि तीच मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली. मागचे शॉक अबसॉर्बर हवा भरायचे होते. हौद्यात ओझे पडून गाडीचे बूड बसले, की त्यांत हवा भरायची. बूड पुन्हा वर. ज्या कुणी हे योजले, त्याने गोणी वाहणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता.

वरून मागायच्या यादीत मात्र तो माणूस हळूहळू दिसेनासा होतो. आठ सिलिंडरचे इंजिन, तेही तीन-चार मापांचे. आपोआप गिअर बदलणारी पेटी. पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. वातानुकूलन. चिखलात एकच चाक गरगरत राहू नये म्हणून 'पॉझिट्रॅक्शन'. ही सोय कामाची खरी, पण ती मागितली बहुतेक शर्यतीच्या हौशी पोरांनी. बाकाऐवजी दोन सुट्या, खोलगट बकेट खुर्च्या आणि त्यांच्या मधोमध गिअरच्या काठीसह एक कन्सोल. आणि सर्वांवर कळस म्हणजे 'एसएस ३९६'. १९६८ मध्ये तो स्वतंत्र प्रकारच केला गेला. ३९६ हा इंजिनाचा घनइंचांतला आकार, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर. आपली मारुती आठशे ज्या इंजिनावर पोरांना शाळेत पोहोचवी, तशी आठ इंजिने एकत्र करा! १९७० मध्ये तर ४५४ घनइंचांचे, साडेचारशे अश्वशक्तीचे इंजिनही या हौद्यापुढे बसवून मिळे. इतकी ताकद लावून ओढायचे काय, तर बहुधा रिकामा हौदा. ज्या बाईने डुकरांसाठी गाडी मागितली, तिला ही यादी दाखवायला हवी होती, असे मला राहून राहून वाटले.

मिलिंदला मी हे बोलून दाखवले. तो हसला, आणि मग खरी गोष्ट सांगितली. त्याच्यापुढे दोन गाड्या होत्या, दोन्ही १९६८ च्या. एक साधी, सहा सिलिंडरची, बाकाची, एका म्हाताऱ्या माळ्याने वापरलेली. दुसरी एसएस ३९६, चार गिअरांची, बकेट खुर्च्यांची, लाल. किंमत पहिलीच्या कितीतरी पट. "तुम्हीच सांगा, मामा. लहानपणापासून लाल गाडी हवी होती. बाबांनी सायकलसुद्धा काळी घेऊन दिली."

ती काळी सायकल मीच दुकानातून आणली होती. मी गप्प बसलो.

संध्याकाळी ताईकडे गेलो. छायाचित्रे दाखवली, ऑस्ट्रेलियातल्या बाईची गोष्ट सांगितली. ताई चकल्या तळत होती. गोष्ट ऐकून तिने झारा थांबवला.

"म्हणजे बाईचं खरंच होतं की. आमच्या आईला नाही का, भाजीच्या टोपल्यांच्या टेम्पोतून लग्नाला जावं लागलं होतं? शालू सगळा मातीचा झाला. आयुष्यभर बोलून दाखवायची."

हे मला आठवत नव्हते. मी तेव्हा लहान होतो. ताईने चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि लाल गाडी बोटांनी मोठी करून पाहिली.

"यात माणसं किती बसतात?"

"दोन."

"आणि त्या दुसरीत?"

"लांब बाक आहे. तिघं दाटीवाटीनं."

ती पुन्हा चकल्यांकडे वळली. येत्या मे महिन्यात तिचे तिकडे जायचे घाटते आहे. मिलिंद आणि सूनबाई तिला घ्यायला विमानतळावर येणार आहेत. हौद्यात पेट्या बसतील.

"त्याला म्हणावं, लाल रंग काय, नंतरसुद्धा देता येतो," ती म्हणाली.

रात्री मी मिलिंदला तसे कळवले. अजून त्याचे उत्तर आलेले नाही.