सुरतेत आठवलेली ट्राम

कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला सुरतेला जाण्याचा योग आला. उधना भागात मराठी बोलणारे इतके भेटले की आपण गुजरातेत आहोत हे विसरायला झाले. रस्त्यात मेट्रोचे खांब, पत्र्यांचे अडसर आणि वैतागलेला रिक्षावाला. २०२१ च्या जानेवारीत या मेट्रोचे भूमिपूजन झाले. ट्राम मात्र सुरतेच्या नशिबी कधी आलीच नाही. इंग्रज कंपनीने १६८७ साली आपले मुख्य ठाणे मुंबईला हलवले आणि पुढची नवलाईही तिकडेच गेली.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ रोजी. (मद्रासला विजेची ट्राम १८९५ पासूनच धावत होती, पण हे मुंबईकरांसमोर बोलायचे नाही!) टपावरच्या दांड्याने वरच्या तारेतली वीज घ्यायची, मोटर फिरवायची, रुळांतून ती परत पाठवायची, एवढीच युक्ती. गर्दी वाढली तशा सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली गाड्या आल्या. माझे आजोबा नोकरीसाठी गिरगावात राहत. वरच्या मजल्यावर बसून दादरपर्यंत जाणे ही त्यांची रविवारची चैन. पुढे फोंड्याला परतल्यावरही घंटेची नक्कल करून आम्हां पोरांना हसवत.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. संथ आहे, रस्ता अडवते, हा तिच्यावरचा ठपका. मला तो अर्धाच पटतो. तिच्या रुळांवर मोटारी, हातगाड्या, सगळेच घुसायचे आणि तिला बिचारीला बाजूला होता येत नसे. आज मेट्रोला आपण सर्वांत आधी काय देतो? स्वतःची वाट! ट्रामला तेवढी दिली असती तर?

दुसरे दुःख माझ्यातल्या कारकुनाचे. इंग्लंडात क्रिच गावी जुन्या ट्राम अजून चालवून दाखवतात, एकेका गाडीचा क्रमांकासकट इतिहास सांगतात. आपण आठवणींचे कढ काढतो, पण अमुक गाडी कोणत्या साली आली, कुठे धावली, शेवटी कुठे मोडली, हे विचारले की गप्प. २०१७ साली फ्लोरा फाउंटनजवळ खोदताना जुने रूळ निघाले तेव्हा केवढे अप्रूप वाटले!

घरी आल्यावर आजोबांचा गिरगावातला फोटो काढून पाहिला. मागे दुमजली ट्राम उभी आहे. तिच्या क्रमांकातला शेवटचा आकडा तेवढा वाचता येतो, बाकीचे आजोबांच्या टोपीने झाकले आहेत.