आजीचं वय कोण मोजणार?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजमध्ये ‘हेल्थकेअरचं भविष्य’ या विषयावर सेमिनार झाला. रोबोटिक सर्जरी, एआय, ड्रोनने पोचणारी औषधं... सॉलिड टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण घरी आल्यावर तिला पुन्हा चालायला कोण शिकवणार? गावात फिजिओथेरपिस्ट नाही. रोज गाडी करून तालुक्याला नेणं परवडत नाही. शेवटी शेजारच्या काकू आणि मी मोबाइलवर व्हिडिओ बघून तिच्याकडून व्यायाम करून घेत होतो. मनात धाकधूक होतीच.

तेव्हा वाटलं, आरोग्याचं भविष्य ओळखायला एआय कशाला हवं? 2050 मध्ये साठीपुढे असणारा प्रत्येक माणूस आज आपल्या आजूबाजूला वावरतोय. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांचा 2023 चा अहवाल सांगतो की, 2022 मध्ये देशात साठीपुढचे लोक साधारण साडेदहा टक्के होते. 2050 पर्यंत ते 20 टक्क्यांच्या वर जातील. म्हणजे पाचातला एक. तेव्हा आपण पंचेचाळिशी ओलांडलेली असेल आणि आपले आई-बाबा पंचाहत्तरीच्या आसपास असतील.

अंदाज इतका स्पष्ट आहे, मग नियोजन कुठे अडतं? आपल्याकडे आरोग्य केंद्रं डोकी मोजून मिळतात. मैदानी भागात 5 हजार लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3 हजारांमागे एक. आता 2011 ची जनगणना बघा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत चक्क घटली होती. पोरं मुंबई-पुण्याला गेली, म्हातारी माणसं घर सांभाळत राहिली. कागदावर डोकी कमी झाली, पण मागे राहिलेल्यांचा बीपी, मोतीबिंदू आणि गुडघेदुखी काही कमी झाली नाही. डोकी मोजणाऱ्या हिशेबात आजी ‘एक’च धरली जाते, तिचं वय धरलंच जात नाही. शिवाय तो हिशेबही जुना. 2021 ची जनगणना लांबली, ती आता 2027 ची म्हणून होतेय.

काहीच झालं नाही असं नाही. 2024 मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता ‘आयुष्मान भारत’मध्ये घेतलं, वर्षाला 5 लाखांपर्यंत. चांगलंच झालं. पण हा आधार मुख्यतः हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरचा. आजीची खरी लढाई डिस्चार्जनंतर सुरू झाली.

म्हणून उपकेंद्रं आणि तिथली माणसं ठरवताना गावातल्या ज्येष्ठांची संख्या वेगळी धरायला हवी. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा जरी उपकेंद्रात आला, तरी किती घरं सावरतील! हे आपल्या करिअरशीही जोडलेलं आहे. बारावीनंतर ‘नीट’ हुकली की सगळं संपलं असं मानणाऱ्या दोस्तांनो, उद्या नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि घरी येऊन काळजी घेणारी प्रशिक्षित माणसं लागणार आहेत. त्यांना पगार आणि मान आजच द्यायला लागलो, तरच ती तेव्हा मिळतील.

आजी आता काठी घेऊन ओटीपर्यंत येते. पुढच्या निवडणुकीत मत मागायला कुणी त्या ओटीवर आलं, तर हा हिशेब मी नक्की विचारणार आहे. तुम्हीही तुमच्या गावात विचारा.